उभी गाडी लवकर खराब होते

गेल्या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदाच इकडे आले होते. लंडन ब्रिज झाला, बकिंगहॅम पॅलेस झाला, ऑक्सफर्डही झालं. तीन आठवड्यांनी म्हणाले, "अरे, राजवाडे पुरे झाले आता. काहीतरी मशिनरी दाखव." तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाची ही मागणी रास्तच होती. मी त्यांना ओल्ड वॉर्डनला घेऊन गेलो.

ओल्ड वॉर्डन हे बेडफर्डशायरमधलं, बिगल्सवेडजवळचं लहानसं गाव. तिथे गवताची धावपट्टी असलेला एक विमानतळ आहे आणि त्याला लागून 'शटलवर्थ कलेक्शन' हा जुन्या विमानांचा संग्रह. विमानांची संग्रहालयं जगात पुष्कळ आहेत, पण इथली बरीचशी विमानं आजही उडतात. उन्हाळ्यात त्यासाठी खास कार्यक्रम होतात. त्यातले काही संध्याकाळी असतात. का, ते आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.

सगळी विमानं उडून झाली तरी लोक उठेनात. ज्याच्या त्याच्या नजरा वारा दाखवणाऱ्या विंडसॉककडे. तो हळूहळू मलूल होऊन खाली लोंबायला लागला, तशी चार-पाच जणांनी हातांनी ढकलत एक विमान बाहेर आणलं. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, दोन्ही बाजूंना तारांचं जाळं. वैमानिक उघड्यावर बसलेला. वारा असेल तर हे विमान उडवतच नाहीत. इंजिन सुरू झालं, निळसर धूर आला आणि बाबा एकदम म्हणाले, "एरंडेल! एरंडेलाचा वास आहे हा."

अगदी बरोबर. हे 1912 सालचं ब्लॅकबर्न मोनोप्लेन. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणानंतर अवघ्या नऊ वर्षांनी लीड्समध्ये रॉबर्ट ब्लॅकबर्न यांनी बांधलेलं. ब्रिटनमध्ये बनलेलं आणि अजूनही उडणारं हे सर्वांत जुनं विमान आहे. याच संग्रहात 1909 सालचं एक ब्लेरिओ आहे, पण ते फ्रेंच.

याचं नोम इंजिन 50 अश्वशक्तीचं आहे. आपल्या गाडीत इंजिन जागच्या जागी राहतं आणि आतला दांडा फिरतो. इथे उलट. दांडा विमानाला पक्का बसवलेला आणि सातही सिलिंडर पंख्याबरोबर गरागरा फिरतात. फिरता फिरताच त्यांना वारा लागून ते थंड होतात. वंगणाला एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही. पण एकदा आत गेलेलं तेल पुन्हा टाकीत येत नाही, जळून किंवा उडून बाहेर पडतं. ते श्वासातून पोटात जाऊन जुन्या वैमानिकांची पोटं बिघडायची, असं सांगतात. आपल्या आज्यांनी लहानपणी पाजलेलं एरंडेल ज्यांना आठवतंय, त्यांना यावर वेगळं सांगायला नको. गाडीसारखा ॲक्सिलरेटरही नाही. वेग कमी करायचा तर बटण दाबून इंजिनाचं प्रज्वलन क्षणभर तोडायचं. आणि वळताना? पंखांना झडपा नाहीत. तारा ओढून अख्खा पंखच थोडा पिळायचा!

विमानाइतकीच त्याच्या मालकांची कहाणी ऐकण्यासारखी आहे. हे विमान सिरिल फॉगिन यांच्यासाठी बांधलं गेलं. त्यांच्याकडून ते ग्लू नावाच्या गृहस्थांनी घेतलं. 1914 मध्ये विटरिंगजवळ ते कोसळलं. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. युद्धाच्या चार वर्षांत विमानं इतकी पुढे गेली, की या मोडक्या सांगाड्याची कुणाला गरजच उरली नाही. तुकडे तिथेच शेतावर पडून राहिले. एक-दोन वर्षं नाही, तब्बल तेवीस.

1937 मध्ये ते तुकडे रिचर्ड शटलवर्थ या तरुणाला सापडले. रिचर्ड म्हणजे मोठ्या घरचा एकुलता एक मुलगा. घराण्याचा पैसा वाफेची इंजिनं आणि मळणीयंत्रं बनवण्याच्या धंद्यातला. वडील तो लहान असतानाच गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी इस्टेट हातात आली आणि यानं आधी विमान घेतलं. 1935 ची पहिली डोनिंग्टन ग्रांप्री ही मोटारींची शर्यत त्यानं जिंकली. त्याआधी 1933 मध्ये व्हाइसरॉय कपच्या शर्यतीसाठी तो कॉम्पर स्विफ्ट हे इवलंसं एकआसनी विमान चालवत इंग्लंडहून थेट दिल्लीला गेला होता. त्याच शर्यतीत उतरलेलं सिलचरच्या एका चहामळेवाल्याचं लाल स्विफ्ट आज याच संग्रहात आहे. त्याचा पहिला नोंदणी क्रमांक 'व्हीटी'नं सुरू होणारा, म्हणजे आपल्याकडचा. बाबांनी त्याच्यासमोर फोटो काढून घेतला.

रिचर्डला नव्या विमानांइतकाच मोडक्या विमानांचा नाद. लोक ज्याला भंगार म्हणायचे, ते तो घरी आणून जोडायचा. ब्लॅकबर्नचंही तसंच झालं असतं, पण काम पूर्ण व्हायच्या आत दुसरं महायुद्ध आलं. रिचर्ड हवाई दलात दाखल झाला. 2 ऑगस्ट 1940 रोजी रात्रीच्या सराव उड्डाणात त्याचं विमान कोसळलं आणि तो गेला. वय एकतीस.

मागे राहिली आई, डोरोथी. नवरा आधीच गेलेला, आता एकुलता एक मुलगाही. तोही विमानानंच नेलेला. त्या माउलीनं ती सगळी विमानं विकून टाकली असती, तर कुणी नावं ठेवली असती का? पण 1944 मध्ये तिनं मुलाच्या नावानं ट्रस्ट केला. विमानविद्या आणि शेतीचं शिक्षण यांसाठी सगळी इस्टेट त्यात दिली. विमानं जागेवर राहिली, त्यांच्यावरचं काम चालू राहिलं. 1947 मध्ये, विमान कोसळल्याला तेहतीस वर्षं आणि रिचर्डला जाऊन सात वर्षं झाल्यावर, हे ब्लॅकबर्न पुन्हा आकाशात गेलं.

पण मग एक प्रश्न उरतोच. असा जुना नग पुन्हा उडवावा का? परत कोसळलं तर? काचेच्या पेटीत ठेवलं तर आणखी शंभर वर्षं टिकेल. उडवायचं म्हणजे झीज आली, झीज म्हणजे भाग बदलणं आलं. लाकडाचा कुजका तुकडा काढून नवा जोडायचा, कापड जुनं झालं की नवं हातानं शिवून बसवायचं, त्यावर डोप नावाचं द्रावण लावून ते ढोलाच्या पानासारखं ताणून घ्यायचं. असं करत करत मूळचं किती उरलं, असंही कुणी विचारेल.

मी हे सगळं बाबांना परतताना गाडीत बोलून दाखवलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "डेपोत उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. सील सुकतात, गंज चढतो. आणि दुसरं म्हणजे, गाडी उभी राहिली की तिचा मेकॅनिकही विसरतो. ती कशी दुरुस्त करायची, हे त्याच्यानंतर कुणाला येणार?"

ओल्ड वॉर्डनच्या हँगरमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. कापड शिवणारा, लाकूड जोडणारा, नोमच्या कुरकुरीवरून काय बिघडलंय ते ओळखणारा माणूस तयार होतो, कारण विमान उडायचं असतं. काचेच्या पेटीतल्या विमानाला पुसायला माणूस लागतो, एवढंच. डोरोथीबाईंनी मुलाची विमानं जपली, हे खरंच. पण त्यांच्यामागे ती येणारी माणसंही टिकली. आज त्या विमानाचा मालक म्हणून कुणा एकाचं नाव घेता येत नाही. ज्याच्या हातात पाना आहे, तो त्या दिवसापुरता मालक.

आमच्या कराडजवळच्या गावी विहिरीवर आजोबांनी घेतलेलं किर्लोस्करचं जुनं इंजिन आहे. वीज आल्यापासून बंद. बाबा आणि दोन काका असे तिघांचे वाटे. भंगारवाला दर दिवाळीत विचारून जातो आणि दर दिवाळीत "बघू पुढच्या वर्षी" होतं. या वर्षी द्यायचं, असं जवळजवळ ठरलं होतं.

परत गेल्यावर आठवडाभरानं बाबांचा व्हिडिओ कॉल आला. हात कोपरापर्यंत काळे. मागे धाकटे काका डोक्याला हात लावून उभे आणि काकांचा मुलगा, दहावीतला, स्पॅनर धरून बसलेला.

"जाम नाही झालेलं," बाबा म्हणाले. "फिरतंय. नोझल तेवढं नवीन लागेल."