शोधाचा खर्च आणि रेणूंचा तराजू

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत उत्पादनखर्चाला प्रकरणेच्या प्रकरणे मिळतात. शोधण्याच्या खर्चाला एखादा परिच्छेद मिळाला तरी पुष्कळ. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये लिहिलेल्या निबंधात प्रश्न अगदी साधा होता : स्वस्त माल मिळावा म्हणून ग्राहकाने किती दुकाने हिंडावीत? आणखी एका दुकानाची पायपीट आणि तीतून संभवणारी बचत जेथे समान होईल तेथे थांबावे, हे त्याचे उत्तर. औषधसंशोधनाच्या प्रयोगशाळांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे. फरक इतकाच की, तेथील दुकाने अब्जांनी मोजावी लागतात.

शरीरातील बहुतेक कामे प्रथिने करतात, आणि ती पुष्कळदा एकमेकांना चिकटून करतात. पी-५३ हे प्रथिन पेशींची बेबंद वाढ रोखते. एमडीएम-२ नावाचे दुसरे प्रथिन त्याला धरून निष्प्रभ करते. कित्येक कर्करोगांत हे दुसरे प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलेले असते. त्याच्या खाचेत अन्य एखादा तुकडा नेमका बसविता आला, तर पी-५३ मोकळे होईल. असा तुकडा म्हणजे पेप्टाइड, अमिनो आम्लांची छोटी माळ. पण कोणती माळ? निसर्गातील २० अमिनो आम्लांपासून ९ मण्यांच्या माळा ओवू म्हटले, तर त्यांची संख्या ५१,२०० कोटी भरते.

माळा ओवणे आता फारसे अवघड नाही. हंगेरीचे आर्पाद फुर्का यांनी १९८२ मध्ये मांडलेली युक्ती मोठी सुबक आहे. राळेचे सूक्ष्म कण वाटून घ्यावयाचे, प्रत्येक वाट्याला निराळे आम्ल जोडावयाचे, सर्व एकत्र कालवून पुन्हा वाटावयाचे. थोड्याच फेऱ्यांत कोट्यवधी प्रकारच्या माळा सिद्ध होतात. खरी अडचण पुढे आहे. या गर्दीतून प्रथिनाला चिकटलेल्या मोजक्या माळा हाती लागल्या, तरी त्या कोणत्या हे ओळखावयाचे कसे?

जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये विषाणूच्या अंगावर पेप्टाइड वाढवून दाखविले. विषाणूच्या आतील जनुक वाचले की बाहेरची माळ कळते. २०१८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला तो याच कामासाठी. परंतु विषाणू सामान्यतः निसर्गाची वीस अक्षरेच जाणतो, आणि त्या अक्षरांत लिहिलेली माळ शरीरातील विकरे चटकन तोडून टाकतात.

दुसरा मार्ग वजनाचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ब्रॅडली पेंटेलूट यांच्या गटाने २०२० मध्ये तो सुमारे १० कोटी माळांच्या संग्रहापर्यंत नेला. प्रथिन चुंबकीय कणांवर बसवून त्यावर संग्रह ओततात, न चिकटलेले धुऊन टाकतात, चिकटलेले सोडवून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालतात. हे यंत्र माळ मोडून तुकड्यांचे वजन घेते. लगतच्या दोन तुकड्यांत ५७ एककांचा फरक दिसला तर मधला मणी ग्लायसिनचा, ७१ चा दिसला तर ॲलानिनचा. (ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही जुळी भावंडे, वजन तंतोतंत सारखे. तराजूचा तेथे इलाज चालत नाही.) जनुकाची चिठ्ठी लागत नसल्याने निसर्गाबाहेरचे मणीही चालतात. या गटाला एमडीएम-२ साठी पी-५३ शीच साम्य असलेल्या माळा मिळाल्या, म्हणजे निसर्गाने काढलेले उत्तर पुन्हा सापडले. १४-३-३ नावाच्या प्रथिनासाठी मात्र निसर्ग सहसा न वापरणारे बीटा अमिनो आम्ल असलेल्या, फार घट्ट बसणाऱ्या माळा मिळाल्या.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थबकून पाहावे असा निष्कर्ष त्याच कामातला आहे. संग्रह १० लाखांवरून १० कोटींपर्यंत वाढविला, तेव्हा एका प्रतिपिंडाला चिकटणाऱ्या माळांची संख्याही त्याच प्रमाणात वाढत गेली. घटत्या फलाचा नियम या पल्ल्यात तरी लागू झाला नाही! स्टिग्लरांचा ग्राहक येथे थांबला असता तर तो लवकर थांबला, असेच म्हणावे लागेल. शिवाय १० कोटी ही संख्या त्या ५१,२०० कोटींच्या एक पाच-हजारांशाइतकीही नाही.

अर्थात चिकटणे म्हणजे औषध नव्हे. काही माळा प्रथिनाऐवजी कणांनाच चिकटतात. पेशीच्या आत शिरणे बहुतेक पेप्टाइडांना जड जाते. संग्रह जितका मोठा, तितके प्रत्येक माळेचे रेणू कमी, आणि यंत्राला ते दिसेनासे होतात. विषाणूंची वाढ करून घेता येते, माळांची येत नाही.

आपल्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थाला नव्हे, केवळ कृतीला संरक्षण दिले. त्या आश्रयाने आपल्या उद्योगाने बनविण्याची विद्या उत्तम हस्तगत केली. ते धोरण योग्यच होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु २००५ पासून पदार्थालाही पेटंट मिळू लागले, आणि मोबदला बनविणाऱ्याकडून शोधणाऱ्याकडे सरकला. शोधाचे हत्यार असलेले हे यंत्र कोट्यवधी रुपयांचे, त्यामुळे ते प्रत्येक महाविद्यालयाने घ्यावे असे कोणी म्हणणार नाही. सरकारी पैशाने घेतलेली उपकरणे इतरांना वापरता यावीत म्हणून २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ हे संकेतस्थळ सुरू झाले, ही पद्धत रास्त आहे. पण अशा अनुदानात खरेदीच्या रकमेइतकाच विचार चालकाच्या पगाराचा, दुरुस्तीचा आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला द्यावयाच्या तासांचा व्हावयास हवा, आणि तो मंजुरीच्या कागदावरच नमूद असावा.