समाजपरिचय परीक्षा, स्थलांतरितांची

समाजपरिचय परीक्षा, स्थलांतरितांची : परदेशातून येऊन एखाद्या देशात कायम वास्तव्य करू इच्छिणाऱ्या व्यक्तीस त्या देशाचा इतिहास, शासनव्यवस्था, कायदे आणि दैनंदिन जीवनपद्धती यांची प्राथमिक माहिती आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी शासनातर्फे घेण्यात येणारी परीक्षा. नागरिकत्व देण्यापूर्वी अर्जदाराचे ज्ञान तपासण्याची प्रथा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आढळते. परंतु नागरिकत्वाच्या अलीकडची पायरी जी कायम निवासाची परवानगी, तिच्यासाठीही परीक्षेची अट घालण्यास यूरोपीय देशांनी मुख्यत्वे २००० नंतर प्रारंभ केला. कायम निवासाची परवानगी मिळालेल्या व्यक्तीचे त्या देशातील वास्तव्य साधारणतः विशिष्ट नोकरीवर वा विवाहसंबंधावर अवलंबून राहत नाही. त्यामुळे वरवर शालेय वाटणाऱ्या या परीक्षेच्या निकालावर एखाद्या कुटुंबाचे स्थैर्य अवलंबून असू शकते.

या परीक्षांचे मूळ शोधू गेल्यास ते शिक्षणाच्या नव्हे, तर अटकावाच्या इतिहासात सापडते. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत भारतीय व्यापारी व मजूर यांची वाढती संख्या तेथील गोऱ्या वसाहतवाल्यांस खुपत होती. जानेवारी १८९७ मध्ये म. गांधी डर्बन येथे उतरले असता जमावाने त्यांना मारहाण केली, ती याच वातावरणात. त्याच वर्षी नाताळच्या विधिमंडळाने प्रवेशनिर्बंधाचा कायदा केला. त्यात वंशाचा किंवा भारतीयांचा नामोल्लेख नव्हता. यूरोपातील कोणत्याही भाषेच्या लिपीत ठराविक नमुन्याचा अर्ज ज्याला स्वहस्ते लिहिता येत नाही, त्याला प्रवेश नाकारावा, एवढेच म्हटले होते. गुजराती, तमिळ वा मराठी उत्तम लिहिणारा व्यापारीही या कसोटीने निरक्षर ठरे. साम्राज्यातील भारतीय प्रजेला उघडपणे न दुखविता तिला दूर ठेवण्याची ही युक्ती ब्रिटिश वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलिन यांना सोयीची वाटली व त्यांनी तिची इतर वसाहतींना शिफारस केली.

ऑस्ट्रेलियाने १९०१ च्या कायद्यान्वये या युक्तीला आणखी धार आणली. आगंतुकाला यूरोपातील एखाद्या भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा ऐकून लिहावा लागे आणि भाषा कोणती, हे अधिकारी ठरवी. इंग्रजी येणाऱ्यास अन्य भाषेत श्रुतलेखन देऊन अनुत्तीर्ण करणे त्यामुळे सहज शक्य झाले. १९०९ नंतर ही परीक्षा कोणीही उत्तीर्ण होऊ शकला नाही. १९३४ मध्ये एगॉन किश या बहुभाषी साम्यवादी पत्रकाराला अखेरीस स्कॉटिश गेलिक भाषेतील उतारा देण्यात आला. तेव्हा कायद्याला अभिप्रेत असलेली यूरोपीय भाषा ती नव्हे, असा निर्णय तेथील उच्चतम न्यायालयाने दिला. श्रुतलेखनाची ही पद्धत १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

आधुनिक परीक्षा या परंपरेपासून स्वरूपतः वेगळ्या आहेत. अभ्यासक्रम जाहीर असतो, प्रश्न बहुपर्यायी असतात व अनुत्तीर्ण उमेदवारास सामान्यतः पुन्हा बसता येते. तथापि परीक्षा कोणत्या भाषेत घ्यावयाची, हा जुना प्रश्न आजही निर्णायक आहे. या दृष्टीने नॉर्वेचे उदाहरण लक्षणीय आहे. तेथे २००५ पासून ठराविक गटांतील स्थलांतरितांना नॉर्वेजियन भाषा व समाजपरिचय यांचे शिक्षण घेण्याचा हक्क आणि कर्तव्य अशी दुहेरी तरतूद लागू झाली. समाजपरिचयाचे पन्नास तास स्थलांतरिताला समजणाऱ्या भाषेतून शिकविले जात. २०२१ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्याखाली येणाऱ्यांसाठी ते पंचाहत्तर करण्यात आले. इतिहास व भूगोल, मुले व कुटुंब, आरोग्य, शिक्षण, कामाचे जग, लोकशाही व कल्याणकारी राज्य असे विषय त्यात येतात. २०१७ पासून कायम निवासासाठी समाजपरिचयाची परीक्षा उत्तीर्ण होणे, तसेच बोली नॉर्वेजियनची किमान पातळी गाठणे आवश्यक करण्यात आले. यातील पहिली परीक्षा अरबी, सोमाली, तिग्रिन्या, इंग्रजी इ. अनेक भाषांतून देता येते. नागरिकत्वासाठी मात्र हे ज्ञान नॉर्वेजियनमधूनच सिद्ध करावे लागते. या योजनेमागील विचार सुज्ञपणाचा म्हटला पाहिजे. मुलांना मारणे नॉर्वेत १९८७ पासून कायद्याने निषिद्ध आहे. ही गोष्ट नव्याने आलेल्या मातापित्यांना त्यांच्या भाषेत वेळीच समजणे, हे ती त्यांनी परक्या भाषेत पुढे कधीतरी पाठ करण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

ब्रिटनमधील ‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा नागरिकत्वासाठी नोव्हेंबर २००५ पासून व कायम निवासासाठी एप्रिल २००७ पासून आवश्यक झाली. पंचेचाळीस मिनिटांत चोवीस प्रश्न सोडवावयाचे असून त्यांपैकी अठरा बरोबर यावे लागतात. तिथे स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांत पती व पत्नी या दोघांनाही ती स्वतंत्रपणे द्यावी लागते. इंग्रजी कच्चे असणाऱ्यांना प्रारंभी भाषा व नागरिकशास्त्र यांचा एकत्रित वर्ग पुरा करण्याचा पर्याय होता. तो ऑक्टोबर २०१३ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी परीक्षेची अधिकृत पुस्तिका बदलून तीत इतिहास व संस्कृती यांना मोठे स्थान देण्यात आले. १८१० मध्ये लंडनमध्ये भारतीय पदार्थांचे उपाहारगृह काढणारे शेख दीन मुहंमद यांची माहिती तीत आहे, ही भारतीय वाचकाला सुखावणारी गोष्ट होय. परंतु रुग्णवाहिका कशी बोलवावी, डॉक्टरकडे नाव कसे नोंदवावे यांसारखा व्यवहारोपयोगी भाग परीक्षेतून मागे पडला, अशी टीका झाली. २०२२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या एका समितीनेही परीक्षेच्या आशयावर ताशेरे ओढले. सनावळ्या पाठ करून उत्तीर्ण होणारा उमेदवार काही महिन्यांत त्या विसरतो, हे शाळेतील अनुभवावरूनही समजण्यासारखे आहे.

जर्मनीतील परीक्षेत ३३ प्रश्न असतात. नागरिकत्वासाठी त्यांपैकी १७ उत्तरे बरोबर यावी लागतात. संबंधित राज्याविषयीच्या दहा प्रश्नांसह एकूण ३१० प्रश्नांची सूची आधीच प्रसिद्ध केलेली असल्याने अज्ञाताची भीती उरत नाही. मात्र २००६ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याने नागरिकत्वाच्या अर्जदारांसाठी केलेल्या मुलाखतीच्या प्रश्नावलीत स्त्रीचे आज्ञापालन, मुलाची समलिंगी वृत्ती अशा बाबींवर वैयक्तिक मते विचारली जात. ती मुख्यतः मुस्लिम अर्जदारांना उद्देशून असल्याचा आक्षेप आला व २०११ मध्ये ती मागे घेण्यात आली. ज्ञान तपासणे आणि मन तपासणे यांतील भेद या प्रकरणात स्पष्ट झाला.

नेदर्लंड्सने मार्च २००६ पासून परीक्षा देशाच्या सीमेबाहेर नेली. कुटुंबीयांकडे येऊ इच्छिणाऱ्या पती वा पत्नीला स्वदेशातील डच वकिलातीत बसून भाषेची व समाजपरिचयाची परीक्षा द्यावी लागते. अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया इ. देशांच्या नागरिकांना तीतून सूट आहे, भारतीयांना नाही. परीक्षेचे ३५० यूरो व अभ्याससाहित्याचे ११० यूरो हा खर्च न्यायालयीन वादाचा विषय झाला. यूरोपीय न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये असा निर्णय दिला, की अशी परीक्षा ठेवता येईल. परंतु तिच्यामुळे कुटुंबाचे पुनर्मीलन अशक्य किंवा अतिशय कठीण होता कामा नये आणि वय, शिक्षण, आरोग्य अशा वैयक्तिक परिस्थितीचा विचार झाला पाहिजे. सुशिक्षित अर्जदाराला ही परीक्षा काही संध्याकाळच्या अभ्यासाने सुटते. शाळा न पाहिलेल्या, युद्धातून निसटलेल्या किंवा दिवसभर राबणाऱ्या माणसाला मात्र प्रश्नपत्रिका वाचणे हेच पहिले संकट असते. म्हणून वृद्ध व गंभीर आजारी व्यक्तींना बहुतेक देश सूट देतात. निरक्षरतेच्या बाबतीत मात्र सर्वत्र तसे औदार्य दाखविलेले नाही.

भारतात अशी परीक्षा नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या तिसऱ्या अनुसूचीनुसार देशीयकरणाने नागरिकत्व मागणाऱ्यास वास्तव्य व चारित्र्य यांच्या अटींबरोबर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही एका भाषेचे पुरेसे ज्ञान असावे लागते. भाषा कोणती, हे त्या व्यक्तीवर सोपविलेले आहे.