तळवलीतील बेकायदा मजले आणि मालकांचे हक्क

घणसोलीला लागून असलेले तळवली हे नवी मुंबईसाठी जमिनी देणाऱ्या ९५ गावांपैकी एक. शेती गेली, कुटुंबे वाढली, पण गावठाण वेळेवर वाढवून मिळाले नाही. प्रकल्पग्रस्तांनी गावठाणालगत उभारलेली ‘गरजेपोटी घरे’ याच कोंडीतून आली. २५ फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतची अशी घरे नियमित करण्याची वाट मोकळी केली. ही घरे आणि बिल्डरने विनापरवाना मजले चढवून परक्यांना विकलेली इमारत यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

बांधकामाची परवानगी नवी मुंबई महापालिका देते. काम सुरू करण्यापूर्वी प्रारंभ प्रमाणपत्र आणि पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे सीसी आणि ओसी, लागते. कामाच्या जागी परवानगीचा क्रमांक लिहिलेला फलक नसेल, तर शेजाऱ्याने विभाग कार्यालयात लेखी विचारावे. तक्रारीत जागेचा पत्ता, सर्व्हे क्रमांक आणि तारखेसह फोटो द्यावेत. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५४ नुसार चालू काम थांबवता येते, कलम ५३ नुसार ते पाडण्याची नोटीस देता येते. दाद लागली नाही, तर माहिती अधिकारात परवानगीची फाइल मागावी.

तक्रार जोते दिसताच करावी. एकदा वर कुटुंबे राहायला आली की कारवाई रेंगाळते आणि धोका तसाच राहतो. पारसिकच्या डोंगरापलीकडे शीळफाट्यावर ४ एप्रिल २०१३ रोजी विनापरवाना इमारत कोसळून ७४ जण दगावले.

शेजाऱ्याने हद्द ओलांडली असेल, तर तो वाद पालिका सोडवत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणि दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम हवा.

नोटीस मिळालेल्या मालकालाही हक्क आहेत. बांधकाम नियमात बसत असेल, तर ते कायम ठेवण्यासाठी त्याला मुदतीत कलम ४४ खाली अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस आणि प्रत्यक्ष सुनावणी बंधनकारक केली. रस्ता, पदपथ, जलाशय अशा सार्वजनिक जागांवरील बांधकामे आणि न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिलेली बांधकामे यांना हे संरक्षण नाही.

सर्वाधिक भरडला जातो तो फ्लॅट घेणारा. दस्त नोंदवला, घरपट्टी भरली म्हणून इमारत अधिकृत होत नाही. महारेराचा क्रमांकही पुरेसा नाही: कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर ६५ इमारतींनी तो मिळवला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. म्हणून सीसीचा क्रमांक नगररचना विभागात स्वतः पडताळावा. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाणी, वीज आणि बँकेचे कर्जही भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावे, असे बजावले आहे.