एकच मंत्र, तोही एकदाच

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचा भाचा आमच्या बाभुळगावला आला, तो वहीभर आकडे आणि वीस पैलूंचा फासा घेऊन. खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली छापून आला. यात पट लागतोच असं नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. अडलं की फासा टाकायचा.

भाच्याने हट्टाने अगदी जुने नियम घेतले आणि मी हौसेने जादूगार झालो. वाटलं, आता काय, आपलंच राज्य! कसलं काय. अंगावर चिलखत नाही, खंजिराशिवाय शस्त्र नाही आणि सुरुवातीला दिवसाला मंत्र एकच. म्हटला की डोक्यातून पुसला जाणार. दुसऱ्या दिवशी पोथी उघडून पुन्हा पाठ करायचा.

ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’वरून घेतलेली. आपल्याला मात्र ती परकी वाटायला नको. कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच वापरता येणार होती. अर्जुनासाठी जपलेली ती शक्ती ऐन रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्च झाली आणि कृष्णाला हर्ष झाला. कर्णाजवळ अशा दहा शक्ती असत्या, तर ती रात्र कुणाच्या लक्षात राहिली असती?

बढतीचं गणितही असंच कडक. दुसऱ्या पायरीला योद्ध्याला २,००० अनुभवगुण लागतात, जादूगाराला २,५००. गुण मुख्यतः गुहेतून बाहेर आणलेल्या सोन्याचे. २०,००० गुणांवर पाचवी पायरी आली की अग्निगोलाचा मंत्र मिळतो आणि कालपर्यंत योद्ध्यामागे लपणारा जादूगार सगळ्यांना भारी पडतो. एल्फ नावाच्या जमातीतल्या जादूगाराला मात्र आठव्या पायरीपुढे बढतीच नाही. का, तर जन्म! मला हे खटकलं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही अट काढली आणि सर्वांना गुणांचा तक्ताही एकच केला, ते बरं झालं.

ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला आपला मोक्षपट हाही तसा बढतीचाच खेळ. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. पण तिथे कवड्या पडतील तसं चढायचं नि उतरायचं. इथे मंत्र कधी म्हणायचा, ते आपणच ठरवायचं.

मी कधी म्हटला? गुहेच्या तोंडाशी दोन लांडगे दिसले आणि घाबरून निद्रामंत्र म्हणून मोकळा झालो. आत चार दरोडेखोर बसलेले.

“मामा, आता?” भाच्याने विचारलं.

मी खंजीर काढला. फासा पडला, तीन. भाच्याने माझ्या कागदावर फुली मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत नवा कागद, नवा जादूगार, गुण शून्य. मंत्र तोच घेतला.