मोबाइलवरचा इशारा कोणत्या वाटेनं येतो?

आज आपण पुश नोटिफिकेशनबद्दल बोलणार आहोत. अ‍ॅप बंद असतानाही फोनच्या पडद्यावर वरून जी पट्टी घसरत येते, ती. रोज येणाऱ्या जाहिरातींमुळं विषय किरकोळ वाटतो. पण आपल्या सोलापूर जिल्ह्यात वळीव येतो, परतीचा पाऊस येतो, तेव्हा रानातल्या माणसाला विजेची सूचना देणारी पट्टी हीच असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आपल्यापैकी अनेकांकडे असेल. आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडतेय का, ते हे अ‍ॅप सांगतं. असा इशारा अर्धा तास उशिरा आला तर त्याचा उपयोग काय? म्हणून त्याची वाट समजून घेऊ.

खिडकीवर विचारणं आणि भोंग्यावर सांगणं

एसटी स्टँडवर दोन प्रकारचे प्रवासी असतात. एक जण दर पाच मिनिटांनी चौकशी खिडकीवर जातो, "पंढरपूर लागली का?" दुसरा बाकावर निवांत बसतो, गाडी लागली की भोंग्यावर पुकारा होतोच. पहिल्या पद्धतीनं फोनमधलं प्रत्येक अ‍ॅप आपापल्या सर्व्हरला सारखं विचारत राहिलं, तर दुपारपर्यंत बॅटरी संपेल. पुश म्हणजे दुसरी पद्धत.

पण पुकारा ऐकायला कान उघडा लागतो. प्रत्येक अ‍ॅपनं स्वतंत्र कान उघडा ठेवायचा नाही, सगळ्यांसाठी मिळून एकच ठेवायचा, ही यातली खरी युक्ती. मोठ्या वाड्यात दहा बिऱ्हाडं असली तरी दिंडी दरवाजावर दरवान एकच असतो, तसं. अँड्रॉइड फोन सहसा गुगलच्या आणि आयफोन अ‍ॅपलच्या सर्व्हरशी एक जोडणी कायम उघडी ठेवतो. अ‍ॅपलनं ही सेवा २००९ मध्ये सुरू केली, गुगलनं २०१० मध्ये.

संदेशाचा प्रवास

अ‍ॅप टाकलं की त्या फोनवरच्या त्या अ‍ॅपसाठी एक लांबलचक खूण मिळते. तिला टोकन म्हणतात. हा फोन नंबर नव्हे; दरवानाला कळणारा पत्ता समजा. अ‍ॅप हे टोकन आपल्या सर्व्हरकडे नोंदवतं. पुढं काही घडलं, की अ‍ॅपचा सर्व्हर संदेश आणि टोकन गुगल किंवा अ‍ॅपलकडे देतो. तिथून उघड्या जोडणीवरून तो फोनपर्यंत येतो आणि फोन पट्टी दाखवतो. म्हणजे अ‍ॅपवाला थेट आपल्या दारात येतच नाही.

संदेशाचं वजनही ठरलेलं आहे: साधारण ४ किलोबाइट. देवनागरीतलं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, तरी हजारभर चिन्हं आरामात बसतात. इशाऱ्याला तेवढी पुष्कळ झाली.

उशीर कुठं होतो?

पहिलं कारण, झोप. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, न हलता पडून राहिलेला फोन गाढ झोपतो. साधा संदेश मग अडवून ठेवला जातो आणि फोन मधूनमधून जागा होतो तेव्हा मिळतो. 'तातडीचा' असा शिक्का असलेला संदेश मात्र फोनला उठवतो. ऑफरच्या जाहिरातींनाही हाच शिक्का मारला तर? लांडगा आला रे आला! म्हणून या सवलतीच्या गैरवापरावर गुगल लक्ष ठेवतं.

दुसरं कारण, आपणच. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनसाठी परवानगी विचारली जाते. घाईत 'नको' दाबलं की विषय संपला. सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅप 'फोर्स स्टॉप' केलं, तर ते पुन्हा उघडेपर्यंत पुश बंद. काही फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली अ‍ॅपला परस्पर झोपवतात.

तिसरं, रेंज नसणं. फोन बंद किंवा नेटबाहेर असेल तर गुगल संदेश राखून ठेवतं. पाठवणाऱ्यानं मुदत घातली नसेल तर चक्क चार आठवडे. सेलच्या जाहिरातीला हे चालेल. विजेच्या इशाऱ्याला मुदत मिनिटांचीच हवी, नाहीतर कालची वीज आज कडाडायची. असं दोनदा झालं की लोक तिसऱ्या, खऱ्या इशाऱ्याकडे बघत नाहीत.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : जुलै २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम वाजले होते की ओ. ते पण हेच का?

नाही. ती सेल ब्रॉडकास्टची सरकारी चाचणी होती. त्यात मोबाइलचा टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकाच वेळी संदेश देतो. टोकन नको, अ‍ॅप नको, इंटरनेट नको. गावाला दवंडी द्यावी तसं. पुश हे ज्याच्या त्याच्या नावचं पत्र. पुराची सूचना अख्ख्या नदीकाठाला द्यायची, तर दवंडी बरी. दोन्ही असलेलं उत्तम.

प्रश्न : आमच्या रानात रेंजच नसते. मग?

मग दोन्ही पोचणार नाहीत. पुश पोचेलच अशी हमी गुगलही देत नाही, अ‍ॅपलही देत नाही. घरी गेल्यावर एवढं करा: इशारा देणाऱ्या अ‍ॅपला परवानगी आहे का बघा, बॅटरी बचतीतून त्याला वगळा आणि घरातल्या थोरांच्या फोनवरही हे करून द्या. पण रानात असताना गडगडाट ऐकू आला, तर वीज आपल्यालाही गाठू शकते एवढी जवळ आहे. तेव्हा पट्टीची वाट बघू नका. झाडाखाली थांबू नका, पक्कं घर गाठा.