आधी उंची मोजा

थीम पार्कमधल्या प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी एक रंगीत पट्टी उभी असते, आणि तिच्यापुढे रोज तोच प्रसंग घडतो. आठ-नऊ वर्षांचं पोर टाचा उंचावून उभं राहतं. कर्मचारी हसत त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, टाचा जमिनीला टेकतात आणि डोकं रेघेच्या खाली जातं. मग बाबा पुढे होतात. ‘अहो, एक बोटभर तर कमी आहे! मी बसतोय ना शेजारी.’ पाऊण तास रांगेत तापलेल्या बापाचं म्हणणं आपल्याला पटतंही. पण त्या घडीला बरोबर असतो तो कर्मचारीच.

राइडमध्ये माणसाला धरून ठेवतो तो दांडा किंवा खांद्यांवरून खाली येणारं जाड कवच. हे कवच ठरावीक अंगलटीसाठी बनवलेलं असतं. मूल लहान असेल तर खांदा आणि कवच यांच्यात मोकळी जागा राहते, आणि राइड उलटी झाली की शरीर त्या जागेतून सरकू पाहतं. मांडीवर येणारा दांडा दोघांत एक असेल तर धोका आणखी वाढतो. बाबांच्या पोटाला टेकला की दांडा तिथेच थांबतो आणि शेजारच्या बारक्याच्या मांडीवर चांगली वीतभर पोकळी राहते. म्हणजे ‘मी बसतोय ना शेजारी’ हा आधार नसून नेमकी तीच अडचण असते.

म्हणून सहलीची आखणी तिकिटं काढण्यापासून सुरू करू नका. घरातल्या दाराच्या चौकटीला पेन्सिलीची खूण करा आणि सगळ्या मुलांची अनवाणी उंची सेंटीमीटरमध्ये लिहून घ्या. जोरदार कोस्टरसाठी बहुतेक ठिकाणी 120 ते 140 सेंटीमीटर उंची लागते. 140 म्हणजे साधारण दहा-अकरा वर्षांचं मूल. प्रत्येक राइडची अट पार्कच्या संकेतस्थळावर दिलेली असते. ती मुलांसोबत बसून वाचा आणि ‘ही तुझी, ही दादाची, ही पुढच्या वेळी’ अशी वाटणी घरीच करून टाका. रडारड व्हायचीच असेल तर ती आपल्या सोफ्यावर झालेली बरी.

तिकिटाचाही उंचीशी संबंध आहे. बंगळुरू-कोचीच्या वंडरलात मुलांचं तिकीट वयावर नसून उंचीवर ठरतं. 85 सेंटीमीटरपेक्षा लहान बाळाला तिकीट नाही. परदेशातल्या डिस्नीत मात्र वय बघतात. फ्लॉरिडात तीन वर्षांखालचं मूल फुकट जातं, तर दहा वर्षं पूर्ण झाली की मोठ्यांचं तिकीट. टोकियोत चार वर्षांखाली तिकीट लागत नाही.

आज मुलांना घेऊन निघणाऱ्या मुंबई-पुण्याच्या आईबाबांचं बालपण एस्सेलवर्ल्डमध्ये गेलेलं आहे. 1989 साली सुरू झालेलं गोराईचं ते पार्क म्हणजे शाळेची सहल, मालाडच्या मार्वे धक्क्यावरून बोट आणि डब्यातली कोरडी पोळीभाजी. त्याआधी 1984 मध्ये दिल्लीत अप्पूघर उघडलं होतं. पण ही दोन्ही मुख्यतः पाळण्यांची मैदानं. पाळण्याला गोष्ट, नेपथ्य, संगीत आणि पात्रं जोडून उभारलेलं मोठं पार्क महाराष्ट्रात आलं ते एप्रिल 2013 मध्ये, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला. मनमोहन शेट्टी यांचं ‘ॲडलॅब्ज इमॅजिका’. पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क झालं, मग हॉटेल, मग स्नो पार्क. 2022 पासून ते मालपाणी समूहाकडे आहे. मराठी घरातली पहिली थीम पार्क सहल बहुधा इथलीच असते, म्हणून मीही उदाहरणं मुख्यतः इथलीच घेतो.

या जागेची एक खासियत पार्कच्या नकाशात सापडणार नाही. हे पार्क अष्टविनायकांतल्या दोन गणपतींच्या मधे आहे. अलीकडे महडचा वरदविनायक, पलीकडे पालीचा बल्लाळेश्वर. त्यामुळे बेत ठरताना आजी हमखास म्हणते, ‘एवढं जातोच आहोत तर पालीचंही दर्शन करून घेऊ.’ माझं स्पष्ट मत आहे की त्याच दिवशी नको. दर्शनाच्या रांगेतून सुटलेलं कुटुंब साडेबाराला पार्कच्या दारात पोचतं, तोवर दिवसातला सगळ्यात मोकळा वेळ संपलेला असतो. मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाली करा. आजीही खूश, आणि दमलेल्या मुलांनाही जरा उशिरा उठता येतं.

पार्क उघडतं तेव्हाची पहिली वेळ मोलाची का, ते समजून घेण्यासारखं आहे. कोस्टरच्या एका फेरीत पंचवीस-तीस माणसं जातात. चढणं, कवचं तपासणं, उतरणं यात काही मिनिटं मोडतात. हा वेग दिवसभर जवळपास सारखा असतो. रांग फुगते ती माणसं एकदम आल्यामुळे. दार उघडल्यावर गर्दी समोर दिसणाऱ्या पहिल्याच राइडला चिकटते. तुम्ही तिला बगल देऊन थेट मागच्या टोकाच्या मोठ्या राइडकडे जा. जेवण साडेअकराला तरी उरका, नाहीतर अडीचनंतर. एकच्या सुमाराला उपाहारगृहातली रांग राइडच्या रांगेला लाजवते.

आता ‘पैसे वसूल’चं बघू. मध्यमवर्गीय माणूस चौघांच्या तिकिटांचा आकडा पाहतो आणि मनात ठरवतो, एकही राइड सोडायची नाही. हिशेब मात्र वेगळं सांगतो. पार्कमधले आठ तास धरा. त्यातून जेवण, स्वच्छतागृह, चालणं आणि ‘आई, पाणी’ यांचे दोन-अडीच तास वजा करा. गर्दीच्या दिवशी मोठ्या राइडला रांगेसकट पाऊण तास लागतो. म्हणजे हाती उरतात सात-आठ राइड. सगळं करायचं म्हटलं की दुपारी चारपर्यंत सगळं घर एकमेकांवर खेकसायला लागतं. त्यापेक्षा प्रत्येकाने एकच हट्टाची राइड निवडावी, आजोबांनीसुद्धा. त्या पक्क्या, बाकीच्या मिळतील तशा. रांग टाळणारं जादा पैशांचं ‘एक्स्प्रेस’ तिकीट गर्दीच्या तारखेला परवडत असेल तर जरूर घ्या. आडवारी ते पैसे वाया जातात. गंमत म्हणजे डिस्नीने 1999 मध्ये ‘फास्टपास’ आणला तेव्हा तो फुकट होता. आता रांग चुकवायला तिथेही पैसे मोजावे लागतात.

तारीख निवडताना दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि जोडून आलेले शनिवार-रविवार जमेल तेवढे टाळा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडच्या शाळा एकाच वेळी सुटतात आणि द्रुतगती मार्गावर त्याच वेळी लोणावळ्याची गर्दीही असते. शाळा सुरू झाल्यावरचा एखादा मंगळवार-बुधवार सोन्यासारखा. एक दिवस शाळा बुडाली तर आभाळ कोसळत नाही, हे मी शिक्षकांची माफी मागून लिहितो. मे महिन्यात खोपोलीचं ऊन सोसत नाही. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो, गर्दीही कमी असते, पण जोराचा पाऊस किंवा विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. गाडी नसेल तर खोपोलीपर्यंत लोकल जाते, तिथून पुढे रिक्षा.

गाडीतला वेळ मोबाइलच्या हवाली करू नका, कारण या रस्त्यावर सांगण्यासारखं पुष्कळ आहे. इमॅजिकात ‘राजासॉरस’ नावाची पाण्यातली राइड आहे. अंधारातून होडी जाते, डायनोसॉर गुरगुरतात आणि शेवटी उंचावरून पाण्यात झेप. हा राजासॉरस कुणाच्या डोक्यातून निघालेला नाही. त्याची हाडं गुजरातेत रैयोलीजवळ, नर्मदेच्या खोऱ्याच्या बाजूला सापडली आणि 2003 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. डोक्यावर मुकुटासारखं छोटं शिंग, म्हणून ‘राजा’. तो इथे हिंडत होता त्याच्या पुढेमागेच, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचे लाव्हा उसळले. खंडाळ्याच्या घाटात खिडकीबाहेर दिसणारा काळा कातळ त्याच लाव्ह्याचा. हे आधी ऐकलेलं मूल राइडमध्ये घाबरतं कमी आणि ‘बाबा, तो बघ, शिंग!’ असं ओरडतं जास्त. तसंच ‘मिस्टर इंडिया’च्या राइडचं. 1987 चा तो सिनेमा आताच्या मुलांना ठाऊक नसतो. आदल्या रविवारी दाखवून ठेवलात तर मोगॅम्बो कोण, हे रांगेत समजावत बसावं लागणार नाही.

मोठ्या मुलांना कोस्टरचं शास्त्र सांगा. तिथली ‘नायट्रो’ सुमारे 40 मीटर उंच आहे, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावते आणि पाच वेळा उलटी होते. साखळी तिला एकदा माथ्यावर नेऊन सोडते. पुढचा सगळा प्रवास त्या उंचीच्या जोरावर, इंजिन नाहीच. रुळाच्या वर, बाजूला आणि खालून अशी तीन प्रकारची चाकं तिला पकडून असतात, म्हणून उलटी झाली तरी ती रूळ सोडत नाही. आणि तिचा उभा फेरा नीट बघितला तर पूर्ण गोल नसतो. थेंबासारखा, वर अरुंद, खाली पसरट असतो. पूर्ण गोल केला असता तर तळाशी शिरताना मानेवर फार भार आला असता.

भीतीचे मात्र प्रकार असतात आणि ते पालकांनी ओळखायला हवेत. एखादं मूल उंचीला बिचकत नाही, पण ‘सलीमगढ’सारख्या भुताच्या अंधाऱ्या वाड्यात त्याची बोबडी वळते. दुसऱ्याला अंधाराचं काही नाही, पोटात खड्डा पडणं नको असतं. तिसऱ्याला फक्त मोठा आवाज सोसत नाही. त्याच्या कानांवर तुमचे तळवे पुरतात. सुरुवात छोट्या, उजेडातल्या राइडने करा. ‘काय घाबरतोस मुलीसारखा’ हे वाक्य तर घरातूनच काढून टाका, तसंही शेजारची मुलगी तिसऱ्यांदा रांगेत उभी असते. पडद्यासमोर खुर्च्या हलणाऱ्या राइडमध्ये डोळे सांगतात आपण उडतोय आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते जागेवरच आहोत. या भांडणातून मळमळ होते. ज्याला घाटात गाडी लागते त्याला तीही लागेल. अशा मुलाला राइडच्या आधी छोले-भटुरे देऊ नयेत.

वॉटर पार्कला आपल्याकडे सगळ्यात जास्त वाद होतो तो कपड्यांवरून. साडी, सलवार, सुती टी-शर्ट, जीन्स यांना पाण्यात मनाई असते; नायलॉन किंवा तत्सम कापड लागतं. सुताचे धागे गाळणयंत्रात अडकतात, भिजलेला सुती कपडा जड होऊन अंगाला ओढतो, आणि चेन-बटणं घसरगुंडीला चरे पाडतात. घरच्या बायकांना हे आधी सांगा. नाहीतर काउंटरवर भाड्याचे कपडे हातात घेऊन मावशी, मामी, काकू संकोचून उभ्या राहतात आणि शेवटी दिवसभर कोरड्या बाकावर सगळ्यांच्या पिशव्या राखत बसतात. पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखाली येणारे पोहण्याचे पोशाख बाजारात सहज मिळतात. मंगळसूत्र, कानातलं शक्यतो घरीच ठेवा. लाटांच्या तळ्यात लहान मुलाला हाताच्या अंतरावर ठेवा. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हाका मारत नाही, आवाज न करता खाली जातं. जीवरक्षक असतो, पण त्याच्यासमोर शंभर डोकी असतात.

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आईबाबांना हल्ली ऑर्लँडोची वारी घडतेच. तिथे डिस्नीचीच चार पार्कं आहेत आणि एका पार्कमध्ये दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर चालणं सहज होतं. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनी चाकाच्या खुर्चीला कमीपणा मानू नये. ती भाड्याने मिळते. लहान बाळ असेल तर कर्मचाऱ्याला सांगून आईबाबांना आळीपाळीने राइड घेता येते, दुसऱ्याला रांग पुन्हा लावावी लागत नाही. उन्हाळ्यात तिथे दुपारी विजांसह पाऊस ठरलेला, तेव्हा खोलीवर जाऊन झोप काढावी आणि संध्याकाळी परत यावं.

बाहेरचे खाद्यपदार्थ आपल्याकडच्या बहुतेक पार्कांत नेऊ देत नाहीत, बाळाचं खाणं आणि औषधं चालतात; उपवास किंवा पथ्य असेल तर आधी फोन करून विचारा.

आत शिरण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढा. हरवलं तर ‘निळा टी-शर्ट होता बहुतेक’ असं म्हणण्यापेक्षा तो दाखवता येतो. मनगटावर बॉलपेनने तुमचा फोन नंबर लिहा आणि ‘चुकलास तर गणवेशातल्या माणसाकडे जा, आम्हाला शोधत फिरू नकोस’ हे त्याच्याकडून वदवून घ्या. भेटायची जागाही ठरवा, पण ‘त्या हत्तीपाशी’ म्हणू नका, हत्ती तिथे बरेच असतात.

आणि परतीची गाडी कोण चालवणार ते सकाळीच ठरवा. दिवसभर उन्हात उभा राहिलेला, दोनदा उलटा झालेला माणूस रात्री साडेनऊला द्रुतगती मार्गावर डुलकी घेऊ शकतो. त्याने दुपारी एखाद्या थंडगार सभागृहातला शो निवडून सरळ झोपावं, कुणी हसलं तरी चालेल. तेही जमणार नसेल तर चालक ठेवा किंवा तिथेच मुक्काम करा.