गाडीवरचे हातमोजे : दुखणाऱ्या हातासाठी आणि बधिर हातासाठी

डिसेंबरात मूल-चंद्रपूर रस्त्याने पहाटे गाडी काढली की जंगलाचा पट्टा संपेपर्यंत बोटं आखडून जातात. म्हणून आपण रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेले हातमोजे घेतो आणि थंडी सरली की कुठेतरी टाकून देतो. धडधाकट हाताला तेवढं पुरतं. पण हाताला काही आजार असेल तर "मऊ आहेत, घेऊन टाका" एवढ्यावर भागत नाही. आमच्याकडे याबद्दल विचारणा होत असते, म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

आधी हात कोणता ते ओळखावं. काही हात दुखतात आणि काहींना दुखतच नाही.

दुखणाऱ्या हाताचं सोपं आहे. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. थंडीने आणि पाणी कमी प्यायल्याने त्यांच्या वेदना उफाळून येतात. अशा माणसाने हिवाळ्यात मनगट पूर्ण झाकणारे, आतून लोकरीचे किंवा जाड सुती हातमोजे घालावेत आणि निघण्यापूर्वी पाणी प्यावं. संधिवात असेल तर सैल जोडी बरी, कारण सुजलेल्या सांध्यावरून घट्ट मोजा ओढताना जीव जातो. गाडी चालवताना किंवा रात्री झोपेत अंगठा आणि त्याच्या बाजूच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर बहुतेक वेळा मनगटातली नस दाबली जात असते. तिथे हातमोज्यापेक्षा गाडीकडे पाहावं. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर मेस्त्रीकडून असे फिरवून घ्यावेत की मनगट सरळ राहील. क्लचच्या केबलला तेल घातलं तरी निम्मा ताण कमी झाल्यासारखं वाटतं. आम्हाला विचाराल तर महागड्या हातमोज्यांआधी हे करावं.

खरा धोका बधिर हाताला आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे कुष्ठरोगाचे जुने जिल्हे. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि तिथेच आनंदवन उभं राहिलं, हे आपल्याला ठाऊक आहे. आज हा आजार बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि सहा महिने किंवा वर्षभर घ्याव्या लागतात. पण उपचार उशिरा सुरू झाला तर जंतू मरतात आणि नसेचं नुकसान मागे राहतं. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट बधिर होतं, पुढे ती बोटं वाकडी होतात. जुन्या मधुमेहातही संवेदना जाते. ती बहुतेक आधी पायांची जाते आणि मग हातांची.

कुष्ठरोगात बोटं "झडतात" असं अजूनही लोक बोलतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं आपोआप गळत नाहीत. दुखत नसल्यामुळे माणूस पुन्हा पुन्हा भाजून घेतो, कापून घेतो, जखमेवर काम करत राहतो आणि बोट जातं. गाडीवर हेच घडतं. बधिर हाताला पकड कळत नाही, म्हणून तो मूठ गरजेपेक्षा जास्त आवळतो. वडसा ते गडचिरोली जाईपर्यंत तळहाताला फोड आलेला असतो आणि त्याचा पत्ताच नसतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची मूठ तापलेली असते. सायलेन्सरला हात लागला तरी कळत नाही.

म्हणून हातमोजे घेताना ते उलटे करून पाहावेत. आतली शिवण जाड असेल तर तिथेच घासून फोड येतो. स्वतःच्या बोटांनी चाचपू नये. घरातल्या ज्याच्या हाताला नीट कळतं त्याच्याकडून तपासून घ्यावं, किंवा शिवण आपल्याच गालावर फिरवून पाहावी. बोटं वाकडी असतील तर पाच बोटांच्या मोज्यापेक्षा अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं एकत्र असा शिंप्याकडून सुती कापडाचा शिवून घेतलेला बरा. मात्र त्यात लिव्हर ओढता येतो का, हे गाडी उभी ठेवून आधी पाहावं. रेक्झिनचे नकोत, घामाने कातडी भिजते आणि मऊ पडून फाटते. फार जाड गादीही नको, मूठ जाड होते आणि हात आणखी आवळतो. त्यापेक्षा गाडीच्या मुठीवरच स्पंजचं कव्हर चढवावं. ते सीट कव्हरच्या दुकानात मिळतं.

घालण्यापूर्वी मोजे झटकावेत. आत खडा किंवा काटा असला तरी बधिर हाताला तो टोचणार नाही. मोठ्या प्रवासात मध्ये थांबून मोजे काढावेत आणि दोन्ही तळहात उजेडात पाहावेत. लाल डाग दिसला आणि थोड्या वेळाने तो गेला नाही, तर मोजा तिथे दाबतो आहे. रात्री हात वीसेक मिनिटं साध्या पाण्यात भिजवून खोबरेल लावावं, म्हणजे भेगा पडत नाहीत. पाणी गरम आहे का ते दुसऱ्याने पाहावं.

ब्रेक पूर्ण दाबता येत नसेल तर मात्र कोणतेही हातमोजे कामाचे नाहीत. त्याने गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांना विचारावं. वाकडी बोटं बऱ्याचदा सरळ करता येतात.

बधिरपणा नवा असेल तर हातमोज्यांच्या नादी न लागता आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. नस अलीकडेच, सहा महिन्यांच्या आत निकामी झाली असेल तर डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती बऱ्याच वेळा परत येते. घरी तपासायचं तर डोळे मिटून बसावं आणि दुसऱ्याने बॉलपेनचं टोक हलकेच तळहातावर टेकवावं. कुठे टेकलं ते बोट ठेवून दाखवता आलं नाही, तर दुसऱ्याच दिवशी आशाताईंना सोबत घेऊन निघावं.